मदत हवी आहे: आईची कंबर तीन वर्षांपासून दुखते, एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरे म्हणतात काही नाही

वेचणीवाली:

नमस्कार. राळेगाव तालुक्यातून (जि. यवतमाळ) लिहितेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी काय सांगता येणार.

आई 52 वर्षांची. घरचं चार एकर वावर, शिवाय हंगामात दुसऱ्यांकडे कापूस वेचायला जाते. तीन वर्षांपूर्वी गाठोडं डोक्यावर घेताना कमरेत चमक भरली, ती काही गेली नाही. आता गाठोडं उचलत नाही, ओटी कमरेला न बांधता गळ्यात अडकवते, तरी दुखतं. चुलीपासून उठताना एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, आणि अर्ध्यात थांबते. थांबली की तोंड भिंतीकडे करते, आम्हाला दिसू नये म्हणून.

आधी गावातच सुया घेतल्या. सुई घेतली की चार दिवस बरं. मग बाजाराच्या दिवशी कुणीतरी भुकटीच्या पुड्या दिल्या. त्यांनी जादूच केली, दोन महिने आई निंदणाला गेली. पुढे चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, म्हणून मी बंद करायला लावल्या. पण परवा बांगड्यांच्या डब्यात आणखी दोन सापडल्या.

तूर विकून एमआरआय केला. पहिल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरून सांगितलं, दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे, ऑपरेशन करा. दुसऱ्यांनी तीच फिल्म पाहिली आणि म्हणाले, या वयात असं असतंच, काही नाही. पट्टा लिहून दिला, दहा दिवस कंबर ताणायला वजन लावलं (ट्रॅक्शन) आणि रात्री घ्यायची एक छोटी गोळी दिली. औषध दुकानात बाबांना कळलं की ती डिप्रेशनची गोळी आहे. त्यांनी पाकीट परत केलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "रिपोर्टात त काही नाही म्हन्ते."

त्या रात्री आई मला म्हणाली, "एक म्हन्ते गादी सरकली, एक म्हन्ते काहीच नाही. मंग हे दुखून रायलं ते काय माह्या मनचं हाय का?" तेव्हापासून तिने दुखतं म्हणणंच सोडलं. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

मी जमेल तसं वाचतेय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याची नीट माहिती देणं आणि मानसिक आधाराचे उपचार यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावणं मात्र नेहमीच्या उपचारात नको असं स्पष्ट म्हटलंय. आमच्याकडे नेमकं तेच दोन झालं!

आता ऑपरेशनचं काय करू? पुडीचं काय करू? आणि दुखणं मनाचं नाही, हे आईला तिच्या भाषेत कसं समजावू? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा.

निवृत्त_डॉक्टर:

ताई, आधी पुडीचं बघा. दुखणं एकदम पळणं आणि चेहरा गोल होणं, यावरून तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता आहे. ते बरेच दिवस पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. मग अचानक बंद केलं तर गळाठा येतो, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. आईंना रागावू नका. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, किती दिवस घेतली ते सांगा. साखर, रक्तदाब, किडनी तपासून घ्या. सुई डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची असेल तर तीही वारंवार नको. उन्हात, कमी पाणी पिऊन काम करणाऱ्याच्या किडनीला ती फार महागात पडते.

फिल्मबद्दल: ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा 3110 लोकांचे एमआरआय आणि सीटी 2015 सालच्या एका अभ्यासात एकत्र मांडले होते. पन्नाशीच्या 80 टक्के लोकांची गादी झिजलेली निघाली, 60 टक्के लोकांची फुगलेली. आणि यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे फिल्मपुरते दुसरे डॉक्टर बरोबर आहेत. नुसत्या फुगलेल्या गादीसाठी ऑपरेशनची घाई नको. पण लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायची जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. ताप, वजन घटणं, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आहे का ते पाहावं लागतं.

"काही नाही" हे मात्र चूक. तीन महिन्यांवर टिकलेलं दुखणं हा स्वतःच आजार असू शकतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीची 2022 पासून लागू झालेली अकरावी आवृत्ती त्याला वेगळं नाव देते. वेदनेवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत सहा टिपा दिल्या. त्यातल्या दोन तुमच्यासाठी. माणूस दुखतं म्हणतो तेव्हा त्याचा मान ठेवावा. आणि कुणाला बोलून दाखवता येत नाही म्हणून त्याला वेदना नाही असं धरू नये. तुमच्या बाबांना हे नक्की वाचून दाखवा.

छोटी गोळी अमिट्रिप्टिलिन असावी, चिठ्ठीवर नाव बघा. मेंदूकडून मणक्यात उतरून वेदना दाबणाऱ्या नसा असतात. त्यांना ही गोळी कमी डोसमध्ये जोर देते. डिप्रेशनसाठी हीच गोळी बऱ्याच मोठ्या डोसमध्ये लागते. आईंना वेडं ठरवून कुणी दिलेली नाही ती.

धुऱ्यावरचा:

ताई, मी शेतकरी, वणी भागातला. पाठदुखीत सहा वर्षं गेली. मला ज्या फिजिओ मॅडमनी समजावलं, त्यांनी आधी विचारलं, वावरात झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) आहे का? म्हटलं, आहे, डुकरांसाठी. त्या म्हणाल्या, तार जमिनीला टेकली की सायरन वाजतो ना, तसं तुमचं झालंय. पहिल्यांदा खरंच डुक्कर आलं होतं. आता तारेला गवत लागलं तरी मशीन ओरडते. सायरन खरा, कानठळ्या खऱ्या, पण वावरात डुक्कर नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझं खरं मानलं. मग घाबरायचं कमी झालं. त्यांनी रोजचं चालणं ठरवून दिलं. आधी घरापासून मारुतीच्या पारापर्यंत, दर आठवड्याला थोडं पुढे. बरं वाटतं म्हणून एका दिवसात सगळं वावर उरकायचं नाही, आणि दुखतं म्हणून आठवडाभर खाटेवर पडायचं नाही. अजून दुखतं, पण डवरणी करतो.

आणखी एक. तुम्ही बोअरचं पाणी पिता का? यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असलं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं-सांधे आखडतात. पाणी तपासून घ्या.

निवृत्त_डॉक्टर:

मशीनचं उदाहरण अगदी चपखल आहे. वेदनेवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 साली उंदरांवर हेच दाखवलं होतं. दुखापतीनंतर मज्जारज्जूच इतका हळवा होतो की पुढे साधा स्पर्शही दुखतो. तेव्हा आईंना सांगा, बिघाड नसांच्या जाळ्यात आहे आणि तो खराच आहे. आणि ताई, वैद्यकीय महाविद्यालयांत पेन क्लिनिक (जुनाट दुखण्यावर उपचार करणारा विभाग) असलं तर ते बहुधा भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या विभागाकडे असतं. केस पेपर काढतानाच विचारा.

वेचणीवाली:

दोघांचे खूप खूप आभार. काल संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा आईला झटका मशीनचं सांगितलं. शेंगा सोलणं थांबवून तिने ऐकलं. मग म्हणाली, "तारेखालचं गवत त रोज काढा लागते, एक दिस काढून भागत नाही." थोड्या वेळाने स्वतःच उठून बांगड्यांचा डबा आणला. त्यात दोन नाही, पाच पुड्या होत्या.

बाबा ओसरीवर होते, काही बोलले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी गोळीची चिठ्ठी शोधून माझ्यासमोर ठेवली. गोळी अमिट्रिप्टिलिनच आहे, 10 मिलिग्रॅम. बोअरच्या पाण्याची बाटली भरून ठेवलीय, ग्रामपंचायतीत विचारते कुठे द्यायची ते.

सोमवारी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला न्यायचं ठरलंय, पुड्या आणि एमआरआय घेऊन. तिथे पेन क्लिनिक कोणत्या वारी असतं आणि नवीन केस पेपरसाठी किती वाजता रांगेत लागावं, हे अलीकडे जाऊन आलेल्या कुणी सांगेल का? पहिल्या एसटीने निघू.