ओहेअर विमानतळाला नाव कुणाचं?

शिकागोकर: आईबाबांना सोडायला परवा ओहेअरला गेले होते. टर्मिनल २ मध्ये एक जुनं लढाऊ विमान ठेवलंय, बाबा त्याच्यासमोरून हलेचनात. हा ओहेअर कोण?

विमानवेडा: बुच ओहेअर, अमेरिकी नौदलाचा वैमानिक. २० फेब्रुवारी १९४२ ला ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजावर जपानी बॉम्बफेकी विमानं चालून आली. जोडीदाराच्या बंदुका ऐनवेळी अडकल्या, आणि जहाज वाचवायला हा एकटा उरला. गोळ्या मोजक्याच, त्या त्याने पुरवून पुरवून वापरल्या. पाच विमानं पाडल्याची नोंद झाली, मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. पुढे जपानी नोंदी ताडल्यावर आकडा तीनवर आला. माझ्या लेखी त्याने काडीचाही फरक पडत नाही, जहाज वाचलं ना!

आणि टर्मिनलमधलं ते लढाऊ विमान, वाइल्डकॅट, जवळून बघा. त्याची चाकं उड्डाणानंतर हाताने हँडल फिरवून आत घ्यावी लागत, जवळपास ३० फेरे. एका हातात विमान चालवायचा दांडा, दुसऱ्याने हँडल.

शिकागोकर: युद्धातून परतला का तो?

विमानवेडा: नाही हो. २६ नोव्हेंबर १९४३, प्रशांत महासागरातल्या गिल्बर्ट बेटांजवळ. जहाजावरून उडून रात्री शत्रूची विमानं गाठायचं तंत्र तेव्हा अगदी नवं होतं. तो स्वतः पुढे झाला. ना तो सापडला, ना विमान. वय २९.

सरोवरकाठ: तिथलं विमान त्याचं नव्हे बरं का. त्याच जातीचं दुसरं, मिशिगन सरोवराच्या तळातून वर काढलेलं.

शिकागोकर: बाबांना आत्ताच फोन करते.