एकाच डब्यातले छर्रे, मग ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) का फुटतो? (१० मीटर एअर रायफल)

काटेवाला_शहापूर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला सराफी करतो. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही. धाकटी नववीत आहे, दीड वर्ष झालं, १० मीटर एअर रायफल मारते. रायफल सेकंडहँड, कोल्हापूरच्या एका मुलीकडून घेतली, हवेच्या सिलिंडरची. सध्या ६० गोळ्यांची सरासरी गोळीमागं ९.७ गुणांच्या आसपास फिरते. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

तर प्रश्न छर्ऱ्यांचा. आधी स्वस्तातला डबा वापरायची. मग रेंजवर कुणीतरी सांगितलं की मॅचचे पेलेट वेगळे असतात, म्हणून चौपट किमतीचा जर्मन डबा आणला. पाचशे नग, वजन ०.५३ ग्रॅम लिहिलेलं. म्हटलं, वजन हा तर आपला धंदा. दुकान बंद झाल्यावर मिलिग्रॅमच्या काट्यावर एकेक ठेवत बसलो. रात्री साडेअकराला बायको म्हणाली, सोनं तोलताना तरी एवढं बघता का? (तोळ्यात बावीस छर्रे बसतात. उगीच काढलेला हिशेब.)

स्वस्त डब्यात ४८० पासून ५१० मिलिग्रॅमपर्यंत काहीही निघालं. महागड्यात जवळजवळ सगळे ५२७ ते ५३३ च्या आत. मग मी महागड्यांचेही तीन ढीग केले, हलके, मधले, जड, आणि मधले तेवढे डब्यात परत भरून पोरीला दिले. वाटलं, आता दहाच्या खाली काही जायचं नाही.

झालं उलटंच. सलग चार-पाच छान बसतात आणि मधूनच एखादा ८.९ ला जाऊन पडतो. पोरगी म्हणते, "पप्पा, मी नीट सोडली होती." तिचे सर कन्नड आहेत, ते डब्याकडे बघून एवढंच म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे. काय पुरे ते काही सांगितलं नाही.

माझं विचारणं असं: वजन सारखं असूनही एखादा बाहेर का जातो? डब्यामागं स्टिकरवर ४.५० (छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास, मिमीत) लिहिलंय, दुकानदाराकडे ४.४९ पण होता. एक शतांश मिलिमीटरनं खरंच फरक पडतो, की ही नुसती विकायची तऱ्हा?

हिंडलगा_रिटायर्ड

काय करूलायसा शेठ, छर्रा म्हणजे मणी नव्हे की ओवायला!

पंचवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीच रेंजवर. आधी वस्तू ओळखून घ्या. छर्ऱ्याला पुढं डोकं, मध्ये कंबर, मागं पोकळ घागरा. मॅचच्या छर्ऱ्याचं डोकं सपाट असतं, कारण त्यानं कागदाला पंचानं पाडावं तसं स्वच्छ भोक पडतं. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजताना भांडणं होतात. डोकं बॅरलच्या आट्यांवर (आतल्या पिळदार खाचांवर) टेकून सरळ जातं. घागरा हवेच्या दाबानं फुलतो, आट्यांत घट्ट बसतो, हवा अडवतो, फिरकी घेतो. शिसं मऊ. घागऱ्याच्या काठाला एका बाजूनं दबका बसला की बाहेर पडताना हवा त्या बाजूनं आधी निसटते आणि छर्ऱ्याला ढोसणी बसते. वजन कितीही बरोबर असू दे, तो जायचा तिथं जातो.

आता मला सांगा, काट्यावरून उचललेले छर्रे परत डब्यात कसे घातलेत? ओतले? वरून हलवून सपाट केले?

४.४९ आणि ४.५० चं म्हणाल तर फरक पडतो, पण कुठल्या बाजूला ते तुमची बॅरल सांगणार, दुकानदार नव्हे. .२२ च्या मॅच गोळीचं तेच आहे. ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आत ठेवलेला, कारण ती रेषा वाटेत ओलांडताना गोळी डळमळते. एवढं सांभाळूनही एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये एक लॉट एका रायफलीत सोन्यासारखा चालतो आणि शेजारच्या रायफलीत भिकार. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन एली, लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर जातात, तिथं लॉट मारून बघतात आणि जमेल तो उचलतात.

आणि एक, पोरीला छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच मोडा. शिसं आहे ते. मारून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, जेवणाचा.

निपाणी_मेकॅनिकल

काका, हिशेब तुमच्या आवडीचा आहे, म्हणून थोडा करतो.

छर्रा साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगानं निघतो. १० मीटर जायला सेकंदाचे सहा शतांश लागतात. तेवढ्यात तो साधारण १७-१८ मिमी खाली पडतो, ते नेम धरायच्या साइटमध्ये आधीच धरलेलं असतं. हवेनं दिलेली ऊर्जा तीच राहिली तर वजन एक टक्क्यानं वाढल्यावर पडणंही एक टक्क्यानं वाढतं. तुमचे ५२७ आणि ५३३, फरक एक टक्क्याच्या थोडा वर. म्हणजे ०.२ मिमी. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर एक दशांश गुण म्हणजे ०.२५ मिमी. तुम्ही रात्री साडेअकरापर्यंत एक दशांशसुद्धा वाचवला नाहीत. ☺ स्वस्त डब्यात मात्र ३० मिलिग्रॅमचा फरक, म्हणजे सहा टक्के, म्हणजे एक मिमी. तिथं तोलण्यात अर्थ होता, पण त्यापेक्षा तो डबा न घेण्यात जास्त.

दुसरं, छर्ऱ्याची चूक आणि हाताची चूक सरळ बेरीज होऊन येत नाही, वर्गांची बेरीज होते. ९.७ सरासरी म्हणजे तिचा दहा गोळ्यांचा ग्रुप अंदाजे १० मिमी धरू. छर्रा शिकंज्यात (रायफल आवळून, हाताविना) ३ मिमी ग्रुप देणारा असेल तर एकूण १०.४. एक मिमीचा उत्तम छर्रा दिला तर १०.०५. फरक अर्ध्या मिमीपेक्षा कमी. पण उद्या तिचा हात ४ मिमीवर आला की तोच ३ मिमीवाला छर्रा एकूण ५ करतो आणि १ मिमीवाला ४.१. तेव्हा तो डबा पैसे वसूल करेल. आज सरावाला मधला, नीट बनवलेला छर्रा पुरे. तुमचे सर 'साकु' म्हणाले ते कदाचित हेच.

उचगाव_एअरपिस्तुल

तपासायची पद्धत सांगते. बहुतेक क्लबमध्ये शिकंजा असतो, लाकूड-चामडं लावून रायफल आवळतात. ओळखीनं एक सकाळ मागून घ्या. वेगळा छर्रा लावला की आधी पंधरा-वीस मारून सोडून द्या, बॅरलला नवीन शिसं बसू दे. मग दहा-दहाचे किमान तीन ग्रुप. एका ग्रुपवर विश्वास ठेवू नका, मी ठेवला होता आणि सहा डबे घेऊन बसले. मोजताना भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून ४.५ वजा करा.

पावसाळ्यात डबा उघडा ठेवू नका. आमच्याकडे जुलैत पांढरी पूड धरली होती छर्ऱ्यांवर.

काटेवाला_शहापूर

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गेले, म्हणून उशिरा लिहितोय.

सुभेदारसाहेब, (सुभेदारच असणार तुम्ही, अंदाज) पकडलंत मला. ओतले होते. पितळी वाटीत भरून वाटी डब्यावर उलटी केली आणि मोती सपाट करतो तसा डबा चार वेळा टेबलावर आपटला. हिऱ्याच्या दहापट भिंगाखाली पाचशेच्या डब्यातले राहिलेले १९० बघितले. चोवीस घागरे चेपलेले. एकाचा काठ तर नखानं दाबावा तसा आत गेलेला. न तोललेल्या नवीन डब्यातले तेवढेच बघितले, तिथं दोन निघाले. म्हणजे पोरगी खरं बोलत होती आणि ८.९ माझे होते. तिला सांगितलं. तिनं आठवडाभर ते घरात सगळ्यांना सांगितलं.

क्लबच्या शिकंज्यात सकाळ मिळाली. तीन तऱ्हा मारल्या, प्रत्येकी तीन ग्रुप, मोजायला माझं व्हर्नियर, आकडे मिमीत. महागडा ४.५०: १.९, २.२, १.७. तोच महागडा ४.४९: १.१, १.३, १.२. त्याच कंपनीचा एक पायरी खालचा ४.४९: १.४, १.६, १.३. स्वस्त डबा कुतूहलापोटी एकदाच मारला, ४.६ आला, पुढं मारला नाही. बॅरल ४.४९ ची निघाली, जिच्याकडून घेतली तिलाही हे माहीत नव्हतं.

सरावाला आता एक पायरी खालचा ४.४९. स्पर्धेसाठी महागडा ४.४९, डबा उघडून छर्रे फोमच्या खाचांत एकेक उभे, चिमट्यानं नाही, बोटानं. काटा दुकानात राहिला. चेपलेले चोवीस मी टाकणार होतो, पोरीनं ठेवून घेतले, साइट उघडायच्या आधी नुसता ट्रिगर सवयीचा करायला दोन-चार मारते त्यात वापरते म्हणाली.

एक अडचण राहिली. ज्या डब्यानं १.१ दिला, त्याच्या मागं छापलेल्या तारखेचा, म्हणजे त्याच लॉटचा, माल इथल्या दुकानात संपला. नवीन आलेल्यावर ४.४९ च लिहिलंय, पण तारीख वेगळी. निपाणी-कोल्हापूर बाजूला कुणाला मॅच ४.४९, ०.५३ चे जुने डबे दिसले तर स्टिकरचा फोटो टाका, तारीख जुळली तर चार घेतो. कुरिअरवाल्यानं आपटायच्या आत मी स्वतः येऊन नेईन.