राणीखेत (मानमोडी) रोगाला लासोटा लस चांगली का आर-टू-बी? १५० कोंबड्या आहेत, सांगा

माणदेशी_खुराडं:
नमस्कार मंडळी, माण तालुक्यात घरामागं शेड टाकलंय, गावरान आणि थोड्या आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) मिळून १५० पक्षी आहेत. मागच्या उन्हाळ्यात मानमोडी आली नि आठ दिवसात ६० वर गेले, आधी हिरवी पातळ हगवण मग माना वाकड्या, एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) तर गोल गोल फिरतच मेली. आणि लस दिली होती बरं का! लासोटा, पाण्यातून. आता दुकानदार म्हणतो आर-टू-बी टोचा, शेजारचा म्हणतो त्याने कोंबड्या लंगड्या होतात अंडी बंद पडतात, मेव्हणा म्हणतो किल्डच (मेलेल्या विषाणूची लस) घे महाग असली तरी. सध्या ७० पिल्लं ४० दिवसांची, बाकी ८० मोठ्या, त्यातल्या निम्म्या अंड्यावर. एकच कुठली ती सांगा म्हणजे डोक्याचा ताप जाईल.

लेअरवाला:
दादा आधी तुम्ही सांगा पाण्यातून दिली म्हणजे नेमकी कशी दिली? नळाचं पाणी वापरलं असेल आणि ग्रामपंचायतीने टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलेली असेल तर लस ड्रिंकरमध्येच खलास, जिवंत विषाणू असतो तो. विहिरीचं नाहीतर बोरचं पाणी घ्यायचं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम बिनसायीची दूध पावडर टाकायची, पक्षी तास-दीड तास तहानलेले ठेवायचे आणि दोन तासात संपेल एवढंच पाणी करायचं. तरी पण गावरानात दांडगा कोंबडा पोटभर पितो आणि बारकी पिल्लं कोपऱ्यात राहतात. दीडशेच पक्षी आहेत तर रात्री धरून डोळ्यात एकेक थेंब टाका, बायको-पोरं मदतीला घ्या, तासा-दोन तासाचं काम.

माणदेशी_खुराडं:
नळाचंच होतं 😐 आणि बाटली दुकानातून पिशवीत घालून आणली, बर्फ वगैरे काय नव्हता, मे महिना.

लेअरवाला:
मग लासोटाला कशाला शिव्या देताय!

पशुवैद्य_विदर्भ:
वरच्यांनी बरोबर सांगितलं. तुलनेचं म्हणाल तर एफ-वन आणि लासोटा दोन्ही सौम्य जातीच्या लसी. एफ-वन सगळ्यात सौम्य, म्हणून ५ ते ७ दिवसाच्या पिल्लाला डोळ्यात तीच. लासोटा जरा तिखट, दिल्यावर दोन-चार दिवस शिंकतात, पण ताकद जास्त येते, म्हणून ती तीन-चार आठवड्याला बूस्टर. या दोन्हींचा असर काही महिन्यात उतरतो, त्यामुळे परत परत द्याव्या लागतात. आर-टू-बी मध्यम जहाल, मुक्तेश्वरला तयार झालेली (राणीखेत गाव पण त्याच कुमाऊँच्या डोंगरात, म्हणजे रोगाचं नाव तिथलं आणि लसही तिथलीच). तिचं संरक्षण खूप जास्त टिकतं, पण आधी सौम्य लस झालेलीच पाहिजे आणि वय आठ आठवडे पाहिजे, पंखाखाली कातडीत अर्धा मिली. कोवळ्या पिल्लाला थेट टोचली तर पाय जातात, अंड्यावरच्या कोंबडीला टोचली तर अंडी घटतात. तुमचा शेजारी खोटं नाही बोलत, त्याने बहुतेक हेच केलं असणार. किल्डला रिअॅक्शन नाही, अंड्यावर येण्याआधी १६-१८ आठवड्याला भारी, पण एकेक पक्षी धरून टोचायची, आणि आधी जिवंत लस नसेल तर एकटीचा उपयोग कमी.

पिल्लांना आधी काय झालंय?

माणदेशी_खुराडं:
सातव्या दिवशी एफ-वन डोळ्यात. बास.

पशुवैद्य_विदर्भ:
मग या आठवड्यात लासोटा डोळ्यात, आठ-नऊ आठवड्याला आर-टू-बी, तिच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. अंड्यावरच्यांना आर-टू-बी अजिबात नको, लासोटाच द्या. उरलेल्या तलंगा आणि कोंबडे यांना पण आधी लासोटा, मग दोन-तीन आठवड्यांनी आर-टू-बी. आणि थेंब टाकताना स्वतःच्या डोळ्यात उडू देऊ नका, डोळे लाल होतात, मी भोगलंय.

ब्रॉयलर_खानदेश:
डॉक्टरसाहेब पण लासोटा १९४० च्या दशकातली अमेरिकेची लस, आता इकडचा विषाणू बदललाय म्हणतात, मग काय फायदा? आमच्याकडे लस देऊनही बॅच गेली.

पशुवैद्य_विदर्भ:
जीनोटाइप (विषाणूची जनुकीय जात) बदललाय हे खरं, पण सिरोटाइप (प्रतिकारशक्ती ओळखते ती जात) एकच आहे, त्यामुळे नीट दिली तर मरतूक थांबते. थांबत नाही ते विषाणूचं शरीरात शिरणं. लस झालेला पक्षी धडधाकट दिसतो आणि विष्ठेतून विषाणू टाकत राहू शकतो. म्हणून बाहेरून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा.

माणदेशी_खुराडं:
अरे बापरे. आजार यायच्या आठ दिवस आधी म्हसवडच्या बाजारातून एक झुंजार कोंबडा आणलेला, तो शेवटपर्यंत ठणठणीत होता!! आता शेवटचं विचारतो, दुकानात २०० डोसची बाटली आहे, उरलेली फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल का?

लेअरवाला:
नाही हो, कालवली की दोन तासात संपवायची. उरलेल्या ५० डोसात शेजारच्या कोंबड्या करून टाका, त्यांच्या कोंबड्या तुमच्याच उकिरड्यावर चरतात ना.