विषय: गेम खेळताना लॅपटॉप अचानक बंद पडतो

नमस्कार मंडळी,

मुलाचा गेमिंगचा लॅपटॉप चार वर्षांचा झालाय. गेले तीन आठवडे गेम ऐन रंगात आला की मशीन ठप्प. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, घरातली लाईट जावी तसं. अभ्यास, व्हिडिओ, मीटिंगा दिवसभर बिनतक्रार चालतात. बंद पडल्यावर लगेच सुरू करून खेळायला बसला तर पाच-दहा मिनिटांत पुन्हा तेच. पंखा साफ केला, खाली स्टँड लावला, विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. चिरंजीवांचा निकाल लागलाय: "आई, नवाच घेऊ." त्याआधी कुणी जाणकार काही सुचवेल का?

———

> पंखा साफ केला

बाहेरून ब्रश फिरवला असेल तर ते साफ करणं नव्हे. धूळ बसते ती पंखा आणि हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) जाळी यांच्या मधे, नमद्यासारखा थर धरून. मागचं झाकण काढल्याशिवाय दिसतच नाही. हवेचा फवारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. (माझं गेलंय.) चार वर्षांत थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळली असणार. तीही बदलून टाका, काम फत्ते.

———

ताई, जाळी जरूर साफ करा, पण पेस्टला एवढ्यात हात लावू नका.

गेम म्हटला की सगळ्यांचा पहिला संशय उष्णतेवर. पण प्रोसेसर तापला की आधी मंदावतो. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो आणि गेम अडखळायला लागतो. वीज तोडणं हा त्याचा अगदी शेवटचा उपाय. तेव्हा मुलाला एवढंच विचारा: बंद पडायच्या आधी गेम अडखळतो का? नसेल, तर मला दाट संशय वीजपुरवठ्याचा आहे.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलात तर कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल. लोक ती बघून घाबरतात आणि काहीबाही बदलत सुटतात. ती लिहिली जाते मशीन पुन्हा सुरू झाल्यावर, आणि "मागच्या खेपेला रीतसर बंद झालो नव्हतो" एवढंच सांगते. पंचनामा आहे तो, त्यात मारेकऱ्याचं नाव नाही.

नाव शोधायचं तर एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. सेन्सरच्या खिडकीत लॉगिंग सुरू करा आणि मुलाला खुशाल खेळू द्या. बंद पडला की त्या फाइलच्या शेवटच्या दहा-बारा ओळी बघा: प्रोसेसरचं तापमान, ग्राफिक्सचं तापमान, बॅटरी किती टक्के, आणि चार्ज रेट. शिवाय चार्जरच्या विटेवरचं लेबल वाचा. आउटपुटपुढचे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. लॅपटॉपच्या पोटाखालीही तसाच आकडा छापलेला असतो, तोही कळवा.

———

काका, नाही अडखळत म्हणे. शेवटच्या सेकंदापर्यंत लोण्यासारखा चालतो.

शेवटची ओळ: प्रोसेसर ८४, ग्राफिक्स ७६, बॅटरी ३१ टक्के, चार्ज रेट उणे ४२ वॅट. खेळायला बसला तेव्हा बॅटरी ९८ होती. पाऊण तासात ३१, आणि चार्जर पूर्ण वेळ लावलेला!

लेबलवरची अक्षरं एवढी बारीक की फोटो काढून मोठा करून वाचली. चार्जर २० व्होल्ट, ४.५ अँपिअर. लॅपटॉपखाली मात्र २० व्होल्ट, ११.५ अँपिअर लिहिलंय.

आता कबुलीजबाब. यांचा ऑफिसचा लॅपटॉप त्याच कंपनीचा, पिनही तीच. तीन आठवड्यांपूर्वी हे दौऱ्यावर गेले होते. आणि सुरू होताना चार्जरबद्दल काहीतरी सूचना यायची, पण चिरंजीव एंटर दाबून पुढे!

———

मग सापडला की चोर! हवेत २३० वॅट, मिळतायत ९०. अभ्यासाला ९० पुरतात म्हणून दिवसभर तक्रार नाही. गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १३० च्या आसपास ओढतात, वरचे ४२ बॅटरीच्या खिशातून जातात.

३१ टक्के शिल्लक असताना का मेला, हा प्रश्न उरतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाइप करा, बॅटरीचा रिपोर्ट मिळेल. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता ताडून पाहा. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. गेममध्ये एखादा स्फोट-बिस्फोट झाला, वीज एकदम ओढली गेली, की तिचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि संरक्षक सर्किट वीज तोडतं. विंडोजला इशारा द्यायलाही सवड मिळत नाही.

टचपॅड किंवा तळ फुगलेला वाटला तर मात्र वापर आणि चार्जिंग दोन्ही लगेच थांबवा. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नसते.

———

मूळ चार्जर यांच्या ऑफिसच्या बॅगेत निघाला. काल अडीच तास सलग खेळला, बॅटरी १०० वरून ९७ वर आली. एवढं चालतं ना? रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ९०,००० एमडब्ल्यूएच (मिलिवॅट-तास), आता ४८,०००. तळ सपाट आहे. बॅटरी तेवढी बदलून घेतोय.

नव्या लॅपटॉपचा बेत बारगळल्यामुळे चिरंजीव काल जेवताना फारसे बोलले नाहीत.