ऑफिसातून सायकलने घरी येताना वाटेत एक बिअर: यात वावगं काय?

इसारकाठी

गेली सहा वर्षं म्युनिकमध्ये आहे. ऑफिस उत्तरेला गार्शिंगला, घर गीझिंगला. जाऊन-येऊन रोज पस्तीसेक किलोमीटर सायकल होते. परतीची वाट बरीचशी इसार नदीच्या कडेने, झाडीतून, बारीक खडीच्या रस्त्याने जाते. ही वाट इंग्लिश गार्डन या मोठ्या बागेत शिरते त्या टोकाला आउमाइस्टर नावाचं जुनं बिअरगार्डन आहे. मे ते सप्टेंबर, दर गुरुवारी मी तिथे उतरतो. अर्धा लिटर हेलेस (इथली फिकट रंगाची बिअर), पाऊण तास बसणं, मग घर.

परवा भारतातल्या एका जुन्या मित्राला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे तू दारू पिऊन गाडी चालवतोस." ते मला लागलं. म्हणून हा धागा.

बिअरगार्डन म्हणजे आपल्याकडचा बार नव्हे. चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब बाकं, पायाखाली खडी, शेजारी आजोबा-नातवंडं. १८१२ साली बव्हेरियाचा राजा पहिला मॅक्सिमिलियन याने बिअर बनवणाऱ्यांना आपापल्या तळघरांपाशी बिअर विकायची मुभा दिली, पण पावाखेरीज खायचं काही विकायला मनाई केली. लोक घरून डबा आणू लागले. तो हक्क आजही आहे. मी थालीपीठ नेतो. समोरच्या बाकावरची बाई पांढरा मुळा अशा सुरीने कापते की त्याची अखंड स्प्रिंग होते, मग त्यावर मीठ भुरभुरवून तो 'रडेपर्यंत', म्हणजे पाणी सुटेपर्यंत थांबते. एकदा तिने मला दिला. थालीपीठ आणि खारवलेला मुळा, अजून काय पाहिजे?

आता हिशेब. रक्तातलं अल्कोहोल इथे प्रोमिलमध्ये, म्हणजे हजारात किती असं मोजतात. अर्धा लिटर, ५.२ टक्क्यांची बिअर म्हणजे साधारण २१ ग्रॅम अल्कोहोल. माझं वजन ७८ किलो. ढोबळ मानाने प्रोमिल ०.४ च्या आत राहतो. जर्मनीत कारसाठी मर्यादा ०.५ आहे, सायकलसाठी १.६. मी कशाच्याही जवळपास नाही.

दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर घरी थेट पोचलो तर पहिला तासभर मी घरात असून नसल्यासारखा असतो. आउमाइस्टरहून गेलो की तसं होत नाही. तो पाऊण तास मला हवा आहे, आणि तो मी कुणाकडून चोरलेला नाही.

कर्वेनगरी

तुमचं म्युनिक तुम्हाला लखलाभ, पण हे इथले पोरगे वाचणार आहेत. मी हिंजवडी ते कर्वेनगर चार वर्षं सायकल मारली. वाकडपासून चांदणी चौकापर्यंत सर्व्हिस रोडला उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, उघडी चेंबरं, मध्येच उभा राहिलेला टँकर. तिथे डोळे आणि कान दोन्ही शंभर टक्के लागतात. आणि आपल्याकडे 'एक बिअर' म्हणजे ६५० मिलीची स्ट्राँग बाटली, आठ टक्क्यांची. तुमच्याच हिशेबाने प्रोमिल पाऊणच्या पुढे जातो. 'एक' हा शब्दच फसवा आहे.

आणि थांबायचंच तर अमृततुल्य आहे ना. कटिंग, क्रीमरोल, दहा मिनिटं. मनाला तेवढंच पुरतं.

उलटा वारा

कर्वेनगरी, मुद्दा रस्त्याचा असेल तर तो रस्त्याचा आहे, बिअरचा नाही. तसला रस्ता बिनपिता चालवणंही जिवावरचंच.

मी उट्रेख्टला असतो. नेदरलँडमध्ये सायकललाही कारइतकीच, ०.५ ची मर्यादा आहे, आणि तरी शुक्रवारी संध्याकाळी कॅनॉलकाठच्या प्रत्येक कॅफेबाहेर सायकलींचा ढीग असतो. लोक एक घेतात, उठतात, जातात. कारने येऊन एक घेणाऱ्यापेक्षा सायकलवाला जगाला कितीतरी कमी धोका आहे. दीड टन लोखंड आणि पंधरा किलो सायकल, यांना एकाच तराजूत घालणं मला पटत नाही.

इसारकाठी, रॅडलर का घेत नाही? अर्धी बिअर, अर्धं लिंबाचं सोड्यासारखं पेय. नावाचा अर्थच सायकलस्वार. १९२२ साली म्युनिकच्या दक्षिणेला डाइझेनहोफेनमध्ये फ्रान्झ कुगलर नावाच्या खानावळवाल्याकडे हजारो सायकलस्वार एकदम आले, बिअर पुरेना, म्हणून त्याने लिंबूपाणी मिसळून वाढवली, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो नसो, अल्कोहोल निम्म्यावर येतं एवढं खरं.

टाके आणि प्लास्टर

मी हाडांची डॉक्टर आहे. नाशिकला, अपघात विभागात बारा वर्षं झाली. दोन गोष्टी सांगते.

शुद्धीत असलेला माणूस सायकलवरून पडताना हात पुढे टाकतो. मनगट मोडतं. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम, बरा होतो. प्यायलेल्या माणसाचा हात उशिरा येतो, किंवा येतच नाही. तो हनुवटीवर, गालावर, कपाळावर येतो. फरक सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याचा असतो. तो तुकडा अल्कोहोल आधी खातं, तुम्हाला 'चढली' असं वाटण्याच्या खूप आधी.

दुसरं, तुमचा ०.४. भारतात मोटार चालवायची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे तुमच्या भाषेत साधारण ०.३. आपल्या कायद्याने तुम्ही बाकावरून उठता तेव्हा कारच्या स्टिअरिंगला हात लावायच्या लायकीचे नसण्याची शक्यता आहे. चार चाकांवर निदान तोल तरी सांभाळावा लागत नाही.

उलटा वारा, 'जगाला कमी धोका' हे बरोबर. पण माझ्या टेबलावर जग येत नाही, सायकलवाला येतो.

इसारकाठी

डॉक्टर, तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. पण मी उपाशीपोटी घटाघटा पीत नाही. थालीपीठ आधी, बिअर नंतर, पाऊण तासात हळूहळू. अन्न पोटात असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश चढतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

कर्वेनगरी, चहा आणि बिअर यांत माझं भांडण नाही. पण टपरीवरचा चहा उभ्याने होतो, एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. मला बसायचं असतं. आणि हो, बिअर मला आवडते. ते लपवून 'फक्त वातावरणासाठी जातो' असं म्हणणं खोटं होईल.

पाचवा गिअर

मी बर्लिनला सायकलने ऑफिसला जाते आणि कधीमधी येताना बिअर घेते. बाजू इसारकाठीचीच. पण एक दुरुस्ती. हा सगळा हिशेब ७८ किलोच्या पुरुषाचा आहे. माझं वजन ५५ आणि बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी. तोच अर्धा लिटर माझ्याकडे ०.६ च्या आसपास जातो. 'एक बिअर चालते' हे वाक्य कुणाच्या तोंडचं आहे त्यावर ते खरं की खोटं ठरतं.

आणि १.६ चा आकडा असा मिरवू नका. तिथे पोचलात तर थेट फौजदारी गुन्हा, शिवाय वैद्यकीय-मानसिक तपासणी, आणि सायकलवर असूनही कारचं लायसन्स जाऊ शकतं. त्याच्या खाली सगळं माफ असंही नाही. ०.३ पासून पुढे वाकडीतिकडी चालवलीत किंवा अपघात झाला, तरी गुन्हा धरतात. म्हणजे आउमाइस्टरहून निघाल्यावर कुणी कुत्रं आडवं आलं आणि तुम्ही कुणाला धडकलात, तर 'मी कशाच्याही जवळपास नाही' हे तिथे चालणार नाही.

भरधाव

इकडे भारतात तर प्रश्नच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं, मोटार वाहनाला लागतं. सायकल मोटार वाहन नाही. विषय संपला.

कर्वेनगरी

विषय संपला नाही. रस्त्यावर बेदरकारपणे 'वाहन' चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये येतं, तिथे 'मोटार' हा शब्द नाही. पिऊन रस्त्यात गैरवर्तन केलं तर महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चं कलम ८५ आहे. अर्धवट कायदा सांगून पोरांना भरीस घालू नका.

तिन्हीसांज

मी सहसा लिहीत नाही. पण 'कुणाकडून चोरलेला नाही' हे वाचलं आणि राहवलं नाही.

माझं बालपण चिंचवडचं, ऐंशीच्या दशकातलं. बाबा कारखान्यात होते आणि सायकलने जायचे, तेव्हा सगळेच जायचे. पाळी सुटली की भोंगा व्हायचा आणि रस्ता सायकलींनी भरून जायचा. वाटेत एक परमिट रूम होती. बाबा तिथे थांबायचे. सुरुवातीला फक्त पगाराच्या दिवशी, एकच.

ते कधी पडले नाहीत. डॉक्टर म्हणतात तसं काहीही झालं नाही. पण आईला सायकलच्या स्टँडचा आवाज ओळखता यायचा. एका फटक्यात स्टँड लागला की ती आमटी गरम करायला ठेवायची. दोनतीनदा खटखट झाली की आम्हा दोघींना आतल्या खोलीत पाठवायची. मी आज पन्नाशीची आहे, अजून कुणी अंगणात सायकल लावली की माझे कान टवकारतात.

तुमची बिअर आणि बाबांची दारू एक आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही जपून राहणारे वाटता. पण त्या वेळात घरी कुणीतरी वाट बघत असतं, आणि तो वेळ त्यांचाही असतो. तुम्ही त्यांना विचारलंय का, एवढंच विचारते.

उलटा वारा

ताई, वाचून वाईट वाटलं. पण एका माणसाचं व्यसन आणि दुसऱ्याचा गुरुवार, यात फरक करायलाच हवा. नाहीतर जगात कुणी काहीच करू नये.

तिन्हीसांज

फरक मीही करते आहे. फक्त तो फरक पिणाऱ्याने एकट्याने ठरवू नये.

इसारकाठी

ताई, स्टँडचं वाचून काल बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

बायकोला माहीत आहे, ती काही म्हणत नाही. पण 'काही म्हणत नाही' म्हणजे 'विचारलं' नव्हे, हे कळलं. रात्री तिला विचारलं. ती म्हणाली, गुरुवारचं काही नाही, पण ऑक्टोबर जवळ आला की अंधार लवकर पडतो, त्या झाडीत दिवे नाहीत, तेव्हा ती साडेसातपासून खिडकीत असते. सहा वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

मुलगी सात वर्षांची आहे. तिलाही विचारलं, गुरुवारी बाबा उशिरा येतो ते कळतं का तुला. म्हणाली, "हो, गुरुवारी तुझ्या तोंडाला मुळ्याचा वास येतो."

गुरुवार मी सोडणार नाही, हे स्पष्ट सांगतो. माझं मत बदललेलं नाही, एक बिअर हा गुन्हा नाही. पण ऑगस्टनंतर अल्कोहोलमुक्त वाइसबिअर (गव्हाची बिअर) घेईन आणि उजेड असतानाच निघेन, असं तिला सांगितलंय.

टाके आणि प्लास्टर

हेल्मेट घालता का, ते अजून सांगितलं नाहीत.