इंग्रजी 'रँकर'ला (rancour) मराठीत काय म्हणायचं? माझं मत : 'कटुता' ही पळवाट आहे

शब्दखोर : अनुवादात 'रँकर', म्हणजे कुणाविषयी मनात साचून राहिलेला राग, आला की बहुतेक जण डोळे झाकून 'कटुता' लिहितात. कटुता एका बाचाबाचीतूनही येते आणि चार दिवसांत ओसरते. रँकर मुरलेला असतो. मूळच बघा ना, लॅटिनमध्ये 'रँकेरे' म्हणजे कुजका वास मारणे. खराब झालेल्या तेलातुपाला इंग्रजीत 'रँसिड' म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. म्हणून 'डूख' किंवा 'आकस'च हवं.

तिरकस : व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नसतो. 'तेल' तिळावरून आलं, म्हणून खोबऱ्याचं तेल म्हणायचं सोडलंय का कुणी? आणि डूख धरणारा डसायची संधी शोधत असतो. घटस्फोटाला पंधरा वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव निघताच बाई ओठ आवळते, विषय बदलते. हा रँकर. सूड घ्यायचाय कुठे तिला?

शब्दखोर : बरं, डूख सोडतो. आकस सोडणार नाही.

तिरकस : 'आकसाने बदली केली' हे वाक्य आठवा. आकस दाखवायला हातात काही अधिकार लागतो. रँकर कित्येकदा हात बांधलेल्या माणसाचा असतो.

रात्रपाळी : तुम्ही दोघं माणसाच्या मनातच अडकलात. बातम्यांत हा शब्द विशेषण होऊन येतो : 'रँकरस डिबेट'. वादाला कसला आकस? तिथे सरळ 'कडवट वाद' लिहावं, म्हणजे कटुता पळवाट नाहीच. 'विदाउट रँकर'साठी मात्र 'मनात किल्मिष न ठेवता' इतकं चपखल दुसरं काही नाही. (जाता जाता : ब्रिटिश स्पेलिंगमध्ये नामात 'यू' असतो, विशेषणात तेही तो गाळतात. मुद्रितशोधनात हमखास सुटणारी चूक.)

शब्दखोर : किल्मिष झकास. पण ते नकारातच शोभतं. 'त्याच्या आवाजात रँकर होता' याचं काय करणार?

नवखी : 'खवट' कुणालाच कसं सुचलं नाही? तेलही खवट, बोलणंही खवट.

तिरकस : मोह होतो खरा. पण खवट माणूस सगळ्यांशीच खवट वागतो. रँकरला समोर नेमका कुणीतरी लागतो, ज्याने आपल्यावर अन्याय केला असं मनाने धरलंय. त्या वाक्यात मी 'जुना सल' लिहीन.

शब्दखोर : सलात दुःख जास्त आहे, विष कमी. नाही पटलं.