छोटा, स्वस्त लॅपटॉप घेताना दिमाखदार बॉडीला पैसे मोजावेत का? तुमचा अनुभव सांगा

मंडळी, भाची बारावी झाली. औशाहून आता छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला चालली आहे. दाजींनी तीस हजार रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तुम्हीच बघा, मला त्यातलं कळत नाही." लातुरात दोन दुकानं पालथी घातली. एकीकडं चंदेरी धातूचं झाकण, पातळ, हलका, कीबोर्डला खालून उजेड. पण रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ४ जीबी आणि तीही बोर्डावरच पक्की बसवलेली. दुसरीकडं काळं जाड प्लास्टिक, हातात जड, रॅम ८ जीबी आणि वाढवायला आणखी एक स्लॉट रिकामा. भाचीची नजर पहिल्यावरून हलेना. "उद्या सांगतो" म्हणून मी तिला घेऊन परत आलो.

माझा स्वतःचा अनुभव असा. मी मोंढ्यात अडतीच्या दुकानात हिशेब लिहितो. सोयाबीनची आवक सुरू झाली की भुसकट दिवसभर हवेत तरंगत असतं. पहिल्या लॅपटॉपचा पंखा दोन हंगामांत जाम झाला. उघडला तर पात्यांवर घोंगडीसारखा जाड थर. २०२१ साली ११.६ इंची, बिनपंख्याचा घेतला. आतला सेलेरॉन प्रोसेसर सहा वॅटचा, त्याला पंख्याशिवाय भागतं. बॉडी साध्या प्लास्टिकची. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली फार मंदावतो, एक्सेलची मोठी फाइल उघडायला वेळ घेतो, पण एकदाही बंद पडला नाही. जास्तीचे पैसे द्यायचेच झाले तर मी पंखा नसण्याचे देईन, चकचकीत झाकणाचे नाही.

पण कॉलेजच्या पोरीचं काम वेगळं. ज्यांनी कमी पैशात देखणा लॅपटॉप घेतलाय किंवा मुद्दाम टाळलाय, त्यांनी मोकळेपणानं लिहावं. किती वर्षं टिकला, काय मोडलं, कशाचे पैसे वसूल झाले, सगळं सांगा.

परभणी, प्राथमिक शिक्षिका

दादा, मी चार वर्षांपूर्वी अठ्ठावीस हजारांना धातूच्या बॉडीचा घेतला. दिसायला अजून सुरेख आहे, ते नाकारत नाही. पण शाळेत चार्जर लावून मनगट टेकवलं की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. चपला वर्गाबाहेर काढलेल्या, पाय शाहाबादी फरशीवर. आधी वाटलं, आपल्यालाच भास होतोय. मग चौथीतली एक पोरगी वही दाखवायला आली, तिचा हात झाकणाला लागला आणि "बाई, चावलं!" म्हणून ती मागं सरली. त्याच दिवशी चार्जर काढून ठेवला आणि वायरमन बोलावला. शाळेच्या अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक निघाला. त्यात मीठ-कोळसा नव्यानं भरला. आता उन्हाळाभर शिपाईमामा दिवसाआड त्यात बादलीभर पाणी ओततात, गावात टँकर सुरू असला तरी. चार्जरही तीन पिनांचा घेतला. मुंग्या थांबल्या. प्लास्टिकचा असता तर हे मला कधी कळलंही नसतं. भाचीच्या होस्टेलची अर्थिंग कशी आहे, ते आधी विचारा.

हिंगोली, वायरमन

ताईंनी लिहिलं ते बरोबर आहे. कारण सांगतो, म्हणजे कुणी उगीच घाबरणार नाही आणि दुर्लक्षही करणार नाही. चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्या मध्ये एक बारका कपॅसिटर असतो. त्यातून अगदी किंचित करंट, एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, पलीकडं जातो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत उतरतो. नसेल, किंवा चार्जरच दोन पिनांचा असेल, तर धातूच्या बॉडीला हात लावणाऱ्याच्या अंगातून तो वाट काढतो. चांगल्या चार्जरमध्ये यानं जीव जात नाही. मात्र रस्त्यावर मिळणाऱ्या दोनशे-तीनशेच्या चार्जरची खात्री कुणी देऊ शकत नाही. तो धातूच्या लॅपटॉपला लावूच नका. तीन पिना असूनही मुंग्या आल्या तर सॉकेटच्या मागची हिरवी वायर तपासून घ्या. जुन्या घरांत ती कितीदा तरी नुसतीच डबीत सोडून दिलेली सापडते.

छत्रपती संभाजीनगर, लॅपटॉप दुरुस्ती

अकरा वर्षं हेच काम करतोय. माझ्या टेबलावर येणारे स्वस्त लॅपटॉप बहुतेक एकाच जागी मोडलेले असतात, बिजागरीला. गिऱ्हाईक म्हणतं, "पण झाकण तर मेटलचं होतं!" झाकण मेटलचं असतं, पण बिजागरीचे स्क्रू जिथं बसतात ती आतली चौकट या किमतीत बहुधा प्लास्टिकचीच असते. प्लास्टिकच्या छोट्या नळीत पितळेचा नट गरम करून दाबलेला असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. रोज एका कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की सगळा ताण त्या बाजूच्या दोन-तीन नटांवर येतो. त्यात बिजागरी कडक झाली की एक दिवस कट्‌ असा आवाज येतो आणि नट नळीसकट उपटून येतो. कोपऱ्यात फट पडते. लोक ती फट दाबून दाबून झाकण लावत राहतात आणि मग स्क्रीनची केबल तरी तुटते, नाहीतर स्क्रीनच जाते. फट दिसली त्या दिवशी आणून दिला तर मी दोन ट्यूबचा एपॉक्सी गोंद भरून नट पुन्हा बसवतो, रात्रभर वाळू देतो, पाचशेत काम भागतं. स्क्रीन गेली की चार हजारांच्या पुढं.

दुकानात गेलात की झाकण एका बोटानं मधोमध उचलून बघा. मग कोपऱ्यापाशी दाबून बघा, वाकतंय का. कीबोर्डच्या मध्यावर बोट ठेवून दाबा, तिथं खड्डा पडल्यासारखं होत असेल तर सोडून द्या. दोन हजार जास्त द्यायचे तर या मजबुतीला द्या. आणखी एक सांगायचं राहिलं. पातळ धातूच्या झाकणाला पोचा पडला की तो तसाच राहतो आणि आतून स्क्रीनवर दाब देतो. एसटीच्या गर्दीत दप्तर चेंगरणार असेल तर प्लास्टिक बरं, ते दबून परत जागेवर येतं.

नांदेड, एम.एस्सी.

मी चंदेरीच घेतला होता, म्हणून मुद्दाम लिहितोय. त्यात ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे स्वस्त चिपवरची साठवण होती, बोर्डावर सोल्डर केलेली. पहिलं वर्ष छान गेलं. नंतर दर अपडेटला जागा कमी पडायची आणि मी नोट्सच्या पीडीएफ पेनड्राइव्हवर हलवत बसायचो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. कागदावर माझं मशीन त्यात बसतं, पण काम करायला जागा उरत नाही. शेवटी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट सिस्टमची हलकी, एक्सएफसीईवाली आवृत्ती टाकली. प्रबंध त्यावरच मराठी-इंग्रजीत टाइप केला, आता तक्रार नाही. रूममेटचा काळा, जाड लॅपटॉप माझ्याच किमतीचा होता. त्यानं परीक्षेनंतर त्यात मोठी एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, आणि जादा रॅम टाकली, अर्ध्या तासात. माझ्यात टाकायला जागाच नाही. काका, स्लॉटवालाच घ्या.

जालना, रोजचा रेल्वे प्रवासी

मी थोडं वेगळं सांगतो. आसुसचा पहिला ईई पीसी मी २००८ साली वापरला. सात इंची स्क्रीन, ४ जीबी साठवण, खेळण्यासारखा दिसायचा. पण खांद्याला कळायचंही नाही की दप्तरात कॉम्प्युटर आहे. पुढं मोठा लॅपटॉप घेतला, सव्वादोन किलोचा, आणि जालना-संभाजीनगर रोज उभ्यानं ये-जा करताना उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी आधी दप्तराचं वजन विचारलं. आता सव्वा किलोचा आहे, त्याला सात हजार जास्त मोजले आणि मला एका रुपयाचाही पस्तावा नाही. हलकेपणाला केवळ दिखाऊपणा समजू नका. पोरगी रोज बसनं कॉलेजला जाणार असेल तर वजन काट्यावर करून बघा.

बीड, सेवा केंद्र चालक

पातळ लॅपटॉप घेणार असाल तर आधी यूएसबीची भोकं मोजा. माझ्याकडं अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, स्कॅनर आणि माउस एकाच वेळी लागतात. जुलैमध्ये पीकविम्याची गर्दी असते, दारात पन्नास माणसं उभी. त्यात माझ्या सुबक लॅपटॉपला दोनच पोर्ट. एका पोर्टाचे अनेक करणारा हब लावला तर अंगठ्याचं मशीन मध्येच तुटायचं आणि शेतकऱ्याला पुन्हा पहिल्यापासून अंगठा द्यावा लागायचा. सत्तरीतल्या एका आजोबांच्या बोटावरच्या रेषा खुरपून खुरपून झिजलेल्या, त्यांना मी सात वेळा अंगठा ठेवायला लावला. त्याच आठवड्यात जुना जाड लॅपटॉप बाहेर काढला.

एक सोय मात्र मनापासून आवडली. नवा टाइप-सी वर चार्ज होतो. लाइट गेली की गाडीतल्या फास्ट चार्जरवर लावतो.

धाराशिव, स्पर्धा परीक्षेची तयारी

एका खोलीत आम्ही चौघी राहतो. दहाला दिवा बंद होतो. कीबोर्डखालच्या उजेडामुळं मी रात्री एकपर्यंत टेस्ट सिरीज सोडवते, कुणाची झोप मोडत नाही. मैत्रिणीच्या लॅपटॉपला तो नाही, ती मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून टाइप करायची. या सोयीला मी आनंदानं पैसे देईन. आणि मामा, स्क्रीन आयपीएस, म्हणजे बाजूनं बघूनही नीट दिसणारी, आहे का तेवढं बघा. माझी आधीची टीएन प्रकारची होती, मान जरा हलली की अक्षरं पांढुरकी व्हायची.

लातूर, पुन्हा मीच

सगळं भाचीला वाचून दाखवलं. "बाई, चावलं" ऐकून ती गप्प झाली. आज तिसऱ्या दुकानात गेलो. काळा, प्लास्टिकचा, १४ इंची आयपीएस स्क्रीन, रॅम ८ जीबी, एक स्लॉट रिकामा, एसएसडी बदलता येणारी, तीन यूएसबी, शिवाय टाइप-सी चार्जिंग. वजन दीड किलोच्या आत काही बसलं नाही, जालनाकर दादांचं तेवढं राहिलं. उजेडाचा कीबोर्ड या किमतीत नव्हता, म्हणून यूएसबीवर चालणारा वाकवता येणारा छोटा दिवा घेतला. झाकण तिनं स्वतः एका बोटानं मधोमध उचललं, मग दोन्ही कोपरे दाबून बघितले. दुकानदार म्हणाला, "ताई, दुरुस्तीचा कोर्स केलाय का?"

होस्टेलचे सॉकेट सोमवारी बघणार आहोत. धागा चालू ठेवा. पुतण्याला दिवाळीत घ्यायचा आहे आणि त्याला ११.६ इंचीच पाहिजे.